‘जर्मन’ म्हणजे फक्त टोप नव्हे! – जर्मन लोक आणि त्यांच्या देशाची गोष्ट



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात मी सहज विचारलं, “जर्मन म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?” एक मुलगी लगेच उभी राहिली. “बाई, आमच्या घरी हाय ना जर्मनचा टोप! आजी त्यात भात शिजवते.” वर्ग हसला, पण ती चुकली नव्हती. महाड-पोलादपूरकडे आपण ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मन’च म्हणतो. जर्मनचा टोप, जर्मनचा डबा, जर्मनचं झाकण. पूर्वी ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा एक मिश्रधातू बाजारात आला. तांबं, निकेल आणि जस्त मिसळून तो बनवत, त्यात चांदी औषधालाही नव्हती. पांढऱ्या चकचकीत भांड्यांना लोक तेच नाव देऊ लागले आणि पुढे स्वस्त ॲल्युमिनियमलाही ते चिकटलं. एका देशाचं नाव आपल्या चुलीपर्यंत पोचलं, पण त्या देशातली माणसं मात्र आपल्या मुलांना ठाऊक नाहीत.

हा प्रश्न मी का काढला तेही सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी आपल्याकडची मुलं तिकडे जावीत अशी ती कल्पना. तेव्हापासून पालक विचारतात, “बाई, जर्मन भाषा कठीण असते का? तिकडची माणसं कशी असतात?” भाषेचे वर्ग कुठेतरी मिळतील. पण ते लोक कोण, त्यांचा देश कसा घडला, हे आपल्याला थोडं तरी सांगता यायला हवं. म्हणून हा लेख.

दुसरं कारण माझ्या वर्गातलंच आहे. ते लेखाच्या शेवटी सांगते.

देश किती मोठा?

मुलांना आकडे तुलनेनेच कळतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, जर्मनीचं सुमारे ३ लाख ५७ हजार. म्हणजे आपल्या राज्याहून थोडा मोठा देश. लोकसंख्या मात्र सुमारे ८ कोटी ३० लाख, आपल्या राज्यापेक्षा कमी. उत्तरेला समुद्र आणि सपाट प्रदेश, मध्ये डोंगर-जंगलं, दक्षिणेला आल्प्स पर्वत. ऱ्हाइन, एल्ब, डॅन्यूब या मोठ्या नद्या. आज तिथे १६ घटक राज्यं आहेत आणि राजधानी बर्लिन आहे.

नकाशावर एक गोष्ट जरूर दाखवा. या देशाला पूर्व-पश्चिमेला ठळक नैसर्गिक सीमा जवळजवळ नाही. आपल्याला कसं, एकीकडे सह्याद्री आणि दुसरीकडे समुद्र. तिकडे तसं नसल्यामुळे ‘जर्मनी कुठे सुरू होते आणि कुठे संपते’ हा प्रश्न शेकडो वर्षं भांडणाचा राहिला.

आधी लोक, मग देश

आपल्याला वाटतं आधी देश असतो आणि मग त्यात माणसं राहतात. जर्मनांचं उलटं झालं. लोक आणि भाषा फार जुनी, देश मात्र १८७१ मधला!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या भागात अनेक टोळ्या राहत होत्या. रोमन लोक त्या प्रदेशाला ‘गेर्मानिया’ म्हणत. रोमन लेखक टॅसिटस याने इसवी सन ९८ च्या सुमारास त्यांच्यावर एक पुस्तकच लिहिलं. पण हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. ते लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणतात आणि देशाला ‘डॉइचलांड’. या शब्दाचा मूळ अर्थ ‘लोकांची’, म्हणजे लोक बोलतात ती भाषा. विद्वानांची आणि चर्चची भाषा लॅटिन, आणि सामान्य माणसाची ती ‘डॉइच’. शेजाऱ्यांनी त्यांना आणखी वेगळी नावं ठेवली. फ्रेंच लोक अलेमान्नी नावाच्या एका टोळीवरून सगळ्यांनाच ‘आलमां’ म्हणतात. पोलिश लोकांचा शब्द मूळ ‘मुका’ या अर्थाचा आहे. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो मुका! वर्गात परभाषेतलं मूल आलं की आपली मुलंही ‘त्याला बोलताच येत नाय’ असं म्हणतात ना? तसंच.

मध्ययुगात तिथे एक मोठं साम्राज्य होतं. ९६२ ते १८०६ एवढा काळ ते टिकलं, पण नावापुरतं. आत तीनशेहून अधिक संस्थानं, सरंजाम आणि स्वतंत्र शहरं. प्रत्येकाचा राजा वेगळा, जकात वेगळी, मोजमापं वेगळी. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांत धर्म आणि सत्तेवरून तिथे भयंकर युद्ध झालं, गावंच्या गावं ओस पडली. ते संपलं आणि २६ वर्षांनी, १६७४ मध्ये, आपल्या रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. चौथीच्या मुलांना काळाची अशी गाठ घालून दिली की दोन्ही गोष्टी लक्षात राहतात.

मग इतक्या तुकड्यांत विखुरलेल्या लोकांना एक कशाने ठेवलं? भाषेने. मार्टिन ल्यूथर याने बायबल लोकांच्या बोलीत आणलं. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये छापून निघालं. वेगवेगळ्या भागांतले लोक तेच पुस्तक वाचू लागले आणि लिखित जर्मन भाषा एकसारखी होत गेली. आपल्याला हे समजायला जड नाही. ज्ञानेश्वरांपासून संतांनी संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं, आणि दासबोध ज्या शिवथरघळीत लिहिला गेला असं आपण मानतो ती तर आपल्याच महाड तालुक्यात आहे. सत्ता कोणाचीही असो, ओवी सगळीकडे तीच म्हटली जात होती.

कुलाबा जिल्ह्यावरून जर्मनी समजून घेऊ

१८१५ मध्ये नेपोलियनचा पराभव झाल्यावर ३९ जर्मन राज्यांचा एक सैलसर संघ झाला. ‘एकाच भाषेच्या लोकांची ३९ राज्यं’ म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगायचं? मी आपल्या जुन्या जिल्ह्याचा नकाशा वापरते. स्वातंत्र्यापूर्वी महाड इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात होतं. पण इथून म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला गेलात की जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य. पालीला गेलात की भोरच्या पंतसचिवांचं. माणसं तीच, बोली तीच, सोयरीक इकडून तिकडे, पण राज्य तीन! आता हेच चित्र मोठं करा, म्हणजे त्या वेळची जर्मनी झाली. आपला महाराष्ट्रसुद्धा १ मे १९६० ला झाला. त्याआधी मराठी माणूस होता, मराठी राज्य मात्र आजच्या स्वरूपात नव्हतं.

हे तुकडे जुळायला तिकडे व्यापाराने सुरुवात झाली. १८३४ मध्ये बऱ्याच राज्यांनी आपसातली जकात काढून टाकली. १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ पहिली आगगाडी धावली. १८४८ मध्ये फ्रँकफर्टला निवडून आलेले प्रतिनिधी जमले आणि त्यांनी लोकशाही मार्गाने एक देश करायचा प्रयत्न केला. तो फसला. मग प्रशिया या बलाढ्य राज्याचा मंत्री बिस्मार्क याने तीन युद्धं करून काम तडीस नेलं. १८ जानेवारी १८७१ ला जर्मन साम्राज्य जाहीर झालं, आणि तेही हरवलेल्या फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात. जर्मन बोलणारा ऑस्ट्रिया मात्र बाहेरच राहिला.

या सगळ्या घडामोडींत एक माणूस आपल्या पुण्यात बसला होता. फ्रान्झ कीलहॉर्न त्याचं नाव. हॅनोव्हर राज्यातल्या ऑस्नाब्रुक गावचा हा संस्कृत पंडित १८६६ मध्ये डेक्कन कॉलेजात शिकवायला आला. त्याच वर्षी प्रशियाने हॅनोव्हर गिळून टाकलं. म्हणजे घर सोडलं तेव्हाचं राज्य पुण्यात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच नकाशावरून गेलं! पाच वर्षांनी नवा देश झाला. १८८१ मध्ये कीलहॉर्न परत गेला तो ‘जर्मनी’ नावाच्या देशात, जो तो निघाला तेव्हा नव्हताच. त्याच्यानंतर डेक्कन कॉलेजात ती जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मिळाली. पुढे १८८५ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. कीलहॉर्नच्या आधी पुण्यात आलेला मार्टिन हाउग हा वुर्टेमबर्गचा. आज आपल्या मुलांना बोलावणारं राज्य तेच. फरक एवढाच की १८५९ मध्ये तिकडचा माणूस नोकरीसाठी इकडे आला होता.

वेगाने वाढलेला देश

एक झाल्यावर जर्मनीने उद्योगात मोठी झेप घेतली. कोळसा, पोलाद, वीज आणि विशेषतः रसायनं. महाड एमआयडीसीत ज्यांचे वडील केमिकल कंपनीत आहेत त्या मुलांना हे नक्की सांगा: कारखान्यात रंग कसे बनवायचे या शास्त्रात जर्मन सगळ्यांच्या पुढे गेले. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांतच हिंदुस्थानच्या नैसर्गिक निळीचा परदेशी व्यापार कोसळला. तिकडच्या प्रयोगशाळेतल्या शोधाने इकडच्या शेतातलं पीक गेलं.

कामगारांसाठीही तिथे लवकर कायदे झाले. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन. आज पगारातून ‘ईएसआय’ कापला जातो, त्या कल्पनेची मुळं तिथवर जातात.

पण शिक्षण, विज्ञान, उद्योग सगळं असूनही हा देश पुढे खोल खड्ड्यात गेला. आपण शिक्षकांनी इथेच थांबून विचार करायला हवा. हुशारी वाढली म्हणजे माणुसकी आपोआप वाढतेच असं नाही.

महाड आणि बॉन

पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, जर्मनी हरली. साम्राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, भरपाईचं ओझं आलं. चलन असं घसरलं की नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची शिल्लक एका पावाच्या किमतीची झाली.

याच काळात, १९२१ मध्ये, एका भारतीय विद्यार्थ्याने ऱ्हाइनकाठच्या बॉन विद्यापीठात नाव दाखल केलं. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जर्मन भाषा ते आधीच शिकले होते. बॉनचा अभ्यास पूर्ण झाला नाही, लंडनचा प्रबंध मात्र पुरा झाला. त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. १९२३ मध्ये ते परतले आणि चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, आपल्या महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

युरोपातली विद्यापीठं ज्यांना बाकावर जागा देत होती, त्यांना आपल्या गावात तळ्याच्या पायरीवर जागा नव्हती. तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला. पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, मग खटला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, म्हणजे दहा वर्षांनी. जर्मनीची पुढची गोष्ट सांगताना हे आधी आठवायचं. नाहीतर मुलांना वाटेल की वाईट वागणं ही फक्त परक्यांची गोष्ट आहे.

रक्ताने माणूस मोजणं

आता कठीण भाग. ‘आपले लोक कोण?’ या प्रश्नाचं जर्मनांचं जुनं उत्तर ‘जे आपली भाषा बोलतात ते’ असं होतं. हळूहळू ते बदललं आणि ‘ज्यांचं रक्त आपलं ते’ असं झालं. १९१३ च्या नागरिकत्वाच्या कायद्यातही वंशावळ हाच आधार होता. काही शास्त्रज्ञ कवट्या मोजून कोणता वंश श्रेष्ठ हे ठरवू पाहत होते.

त्यांच्यातल्याच एका प्रसिद्ध शास्त्रज्ञाकडे, ऑयगेन फिशर यांच्याकडे, बर्लिनमध्ये एक मराठी बाई पीएचडी करत होत्या. इरावती कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई. त्यांना विषय मिळाला होता कवट्यांच्या मोजमापाचा. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी निघेल असा गुरूंचा अंदाज होता. इरावतीबाईंनी मोजलं आणि जे दिसलं ते लिहिलं: वंशाचा आणि त्या ठेवणीचा संबंध दिसत नाही. गुरूंच्या मताविरुद्ध निष्कर्ष लिहूनही १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. परक्या देशातली एकटी विद्यार्थिनी, पण मापात खोट केली नाही. आपल्या मुलींना हे उदाहरण जरूर सांगा.

तीन वर्षांनी, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर सत्तेवर आला. जर्मनीत तेव्हा सुमारे ५ लाख ज्यू होते, एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. शेकडो वर्षं तिथेच राहिलेले, घरात जर्मन बोलणारे, डॉक्टर, मास्तर, दुकानदार. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मनीकडून लढले होते, त्यातले १२ हजार कामी आले. १९३५ च्या कायद्यांनी त्यांना सांगितलं की तुम्ही या देशाचे नागरिक नाही. आधी नोकरी गेली, मग शाळेतलं बाक, मग घर आणि शेवटी जीव. युरोपभर सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं गेलं.

आणि आपल्या रायगड जिल्ह्यात काय होतं? इथेही ज्यू होते! बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं गलबत फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, किहीमकर. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की माणूस त्या गावचा झाला. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेले, तरी तिकडे आजही मराठी बोलणारी घरं आहेत. म्हणजे ज्याच ‘कर’ ने आपण परक्यांना आपलंसं केलं, त्याच काळात तळ्यावर आपल्याच माणसाला परकं ठरवलं. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातलं.

जर्मनीतून पळालेली काही माणसं मुंबईला आली. रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये आले, वर्तमानपत्रांत कलासमीक्षा लिहू लागले आणि हुसेन, रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिले. जर्मन बोलणारे ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन आकाशवाणीत होते. सकाळी रेडिओ लावल्यावर वाजणारी ती ओळखीची धून त्यांचीच असं सांगतात. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी सगळ्या जर्मनांना शत्रू ठरवलं. अहमदनगरच्या छावणीत सुरुवातीला नाझी आणि नाझींपासून पळालेले ज्यू एकत्रच कोंडले गेले, कारण पासपोर्ट सारखाच! काही कुटुंबांना पुढे पुरंदर किल्ल्यावर ठेवलं होतं.

मोडलेला देश पुन्हा उभा राहिला

१९४५ मध्ये जर्मनी पूर्ण उद्ध्वस्त झाली. पूर्वेकडचा मोठा भाग गेला. ब्रेस्लाउ शहर पोलंडचं व्रोत्सवाफ झालं, क्योनिग्सबर्ग रशियाचं कालिनिनग्राड. सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावं लागलं. जुलै २०२१ मध्ये ज्यांनी तळिये बघितलं, त्यांना ‘गावच राहिलं नाही’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

१९४९ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. पश्चिम जर्मनीची राजधानी झाली बॉन, बाबासाहेबांनी नाव दाखल केलेलं तेच गाव. तिथे मे १९४९ मध्ये नवी राज्यघटना जाहीर झाली. तिच्या पहिल्याच कलमाचा आशय असा, की माणसाची प्रतिष्ठा कोणीही हिरावून घेऊ शकत नाही, तिचं रक्षण करणं हे राज्याचं काम. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला दिल्लीत आपलं संविधान स्वीकारलं गेलं. त्याच्या उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आहेत, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे महाडच्या मुलाला सांगावं लागत नाही. दोन्ही देशांना हे शब्द अनुभवातून लिहावे लागले.

१३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. ९ नोव्हेंबर १९८९ ला ती उघडली आणि ३ ऑक्टोबर १९९० ला देश पुन्हा एक झाला.

दरम्यान पश्चिम जर्मनीने कारखान्यांसाठी बाहेरून कामगार बोलावले. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाला. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. थोडे दिवस राबतील आणि परत जातील असा हिशेब होता. पण माणसं राहिली, पोरं तिथेच जन्मली आणि शाळेत जर्मन शिकली. तरी कायद्याने ती परकी! शेवटी १ जानेवारी २००० पासून कायदा बदलला आणि तिथे बराच काळ राहणाऱ्या परदेशी आईबापांच्या मुलांना जन्मानेच नागरिकत्व मिळू लागलं. आज जर्मनीत चारातल्या एका माणसाचं तरी मूळ बाहेरचं आहे. यावरून तिथे अजूनही वाद होतात. आपली मुलं तिकडे जातील तेव्हा त्यांनाही कधी प्रेमाचा, कधी कडवटपणाचा अनुभव येईल. हे पालकांनी आधीच समजून घ्यावं.

तिथली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. तिथल्या गावागावांत फुटपाथवर बोटभर लांबीरुंदीचे पितळी दगड बसवलेले आहेत. ज्या घरातून ज्यू माणसाला ओढून नेलं, त्या घरासमोर त्याचं नाव आणि जन्मसाल. येता-जाता वाचायचं तर मान खाली घालावी लागते. आपली चूक त्यांनी रस्त्यातच लिहून ठेवली आहे.

आता वर्गातली ती गोष्ट

‘माझे गाव’ हा निबंध लिहायला दिला होता. मुलं लिहीत होती: सावित्री नदी, गांधारी नदी, रायगड, उमरठ, जत्रा, पालखी. एक मुलगा नुसता बसून होता. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला, घरी भोजपुरी. जन्म मात्र महाडच्याच दवाखान्यातला. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, “बाई, मी कुठलं गाव लिहू?” मी उत्तर द्यायच्या आत बाजूचा म्हणाला, “तू इथला नाय, तुझं गाव लांब हाय.” तो काही वाईट मुलगा नाही. घरी ऐकलेलं बोलला.

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. “दोन्ही लिही,” असं काहीतरी म्हणून मी पुढे गेले. रात्री झोप लागली नाही. आमचं स्वतःचं अर्धं गाव मुंबईला चाकरीला. लालबाग-परळच्या चाळीत गावकीच्या खोलीत दहा-दहा जण राहून मोठे झालेले आमचे आजोबा-काका. त्यांनाही कोणी तरी ‘घाटी’, ‘कोकण्या’ म्हणालं असेलच. आणि उद्या आपली मुलं स्टुटगार्टला जातील, त्यांच्या लेकरालाही कोणी विचारेल, तुझं गाव कुठलं?

मग मी जर्मनीची ही गोष्ट चार तासिकांमध्ये वर्गात सांगितली. टोपापासून सुरुवात केली आणि पितळी दगडांवर संपवली. २०२१ चं सांगताना हेही सांगितलं, की त्या वर्षी १४-१५ जुलैला बॉनजवळच्या आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला आणि जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. आठवड्याने, २२ जुलैला, आपल्या सावित्रीला पूर आला आणि तळियेवर दरड कोसळली. तिथेही घराघरातला चिखल उपसायला अनोळखी माणसं लांबून आली, इथेही आली. मुलांना तो चिखल आठवत होता. त्या मुलाने एकदम हात वर केला. “बाई, तेव्हा आमच्या खोलीत पण पाणी भरलं होतं. पप्पांनी शेजारच्या आजीला पाठीवर घेतलं होतं.” बाजूचा त्याच्याकडे बघतच राहिला. कारण ती आजी त्याचीच होती.

निबंध दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. पहिली ओळ होती, ‘माझे गाव महाड आहे.’

वर्गात आणि घरी करता येईल असं काही

१. मुलांना घरातल्या वस्तूंची ‘परदेशी’ नावं शोधायला सांगा. जर्मनचा टोप, चिनीमाती, मोसंबं (मोझांबिकवरून आलेलं नाव). प्रत्येक नावामागचा प्रवास विचारा.

२. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा काढून इंग्रज, जंजिरा आणि भोर असे तीन रंग भरा. मग १८१५ ची जर्मनी दाखवा.

३. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना विचारावं: आपलं घराणं या गावात कुठून आलं? बहुतेक घरांत कुणीतरी कुठून तरी आलेलं निघतं. कातकरी वाडीतल्या मुलांना मुद्दाम पहिल्यांदा बोलू द्या.

४. पालकांनो, मूल घरी ‘तो आपला नाय’ असं म्हणालं तर रागावू नका. ‘का बरं?’ एवढंच विचारा आणि ते काय सांगतं ते शांतपणे ऐका.

तुमच्या वर्गातही ‘मी कुठलं गाव लिहू?’ असं विचारणारं मूल असेल. माझ्यासारखं घाईत पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ थोडं बसा.